दार का लागत नव्हतं

फोनवर बाईंनी तक्रार थोडक्यात सांगितली होती. ‘इंजिन छान चालतं, ब्रेकचं काम झालंय, फक्त डावीकडचं दार नीट लागत नाही. बिजागऱ्या बघाल का?’ गाडी १९६७ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछताची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. माझा धंदा पत्र्याचा. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशरमध्ये लोकांच्या घरी जातो आणि त्यांच्याच गॅरेजात जुन्या ब्रिटिश गाड्यांचा कुजलेला पत्रा कापून नवा बसवतो. रोडस्टरचं दार लागत नाही असं कुणी म्हटलं की बिजागरीचा विचार मी सगळ्यात शेवटी करतो.

ॲबिंग्डनपासून जवळच्याच एका गावात त्यांचं घर. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि आधी बरंच वाटलं. पाने मापाप्रमाणे लावलेले, सुटे केलेले नटबोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत, आणि एका फळीवर वही. ही गाडी इंचांच्या मापाची, मिलिमीटरचे पाने तिला चालत नाहीत. त्यामुळे सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश असे सगळे त्यांनी जमवले होते. इंजिनला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर त्यांनी स्वतः खोलून साफ केले होते. मी एकाचा पिस्टन बोटानं वर उचलून सोडला, तर खाली टक् असा स्वच्छ आवाज आला. सुई जेटमध्ये कुठंही घासत नव्हती. ब्रिटनमध्ये २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. बाईंनी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलून घेतल्या होत्या. टाकीसुद्धा आतून बघायची म्हणून उतरवून बागेच्या टोकाला ठेवली होती. इतकं मन लावून काम करणारं माणूस भेटलं की माझाही हुरूप वाढतो.

गाडीचा रंग लालभडक आणि आरशासारखा गुळगुळीत. विकणाऱ्यानं तो नुकताच मारून घेतला होता.

दार अर्धं उघडून मी त्याचं टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहिलं. बिजागरीत खेळ असता तर दार वर-खाली हललं असतं. ते जराही हललं नाही. बाई म्हणाल्या, ‘हे मीही करून पाहिलंय.’ आणि वही उघडून पुढे केली. दाराच्या मागच्या कडेची आणि मागच्या मडगार्डची फट त्यांनी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून लिहिली होती. वर जेमतेम एक सूत, खाली अडीच सूत. (त्यांचं माप इंचाच्या भागांत होतं, मी मनातल्या मनात सुतात करून घेतलं, हाताला तीच सवय आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) ती फट वरपासून खालपर्यंत सारखी, दीड सुताच्या आसपास असायला हवी.

‘चाकांवर उभी असताना मोजलंय ना?’ मी विचारलं.

‘हो. नाहीतर कशी मोजणार?’

मग मी जॅक मागितला. या गाडीला मूळचा जॅक लावायची जागा दोन्ही बाजूंना दाराखाली, बरोबर मधोमध असते. तिथं मी हात लावला नाही. सीटखालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर आहे, त्याच्या टोकाखाली जाड लाकडी ठोकळा दिला आणि जॅक हळूहळू वर घेतला. चाकं अजून जमिनीलाच होती, गाडीचं थोडं वजन तेवढं मधल्या भागावर आलं. बाईंना म्हटलं, आता पुन्हा मोजा. त्यांनी वरची फट मोजली, परत मोजली, आणि माझ्याकडे बघितलं. एका सुताचं दोन सूत झालं होतं.

धडधाकट एमजीबीत असा फरक डोळ्यांना दिसायला नको. तो का दिसला, हे त्यांना मी खाली बसून सांगितलं. आधीच्या एमजीए गाडीला खाली वेगळी चासी होती. बॉडी कुजली तरी चासी भार पेलायची. १९६२मध्ये एमजीबी आली तेव्हा ती चासी गेली, आणि बॉडी हीच चासी झाली. त्यात रोडस्टरला छप्पर नाही. जीटीला, म्हणजे याच गाडीच्या छतवाल्या प्रकाराला, निदान वरून छताचा आधार मिळतो. रोडस्टरमध्ये पुढचा आणि मागचा भाग जोडून धरायचं काम दोन सीटांमधला पत्र्याचा बोगदा आणि दाराखालच्या दोन पोकळ पेट्या, म्हणजे सिल, एवढेच करतात. बाहेरचा सिल, मध्ये उभा पडदा, आतला सिल, आणि तळाला किल्ल्याच्या तटासारखे दाते असलेली पट्टी, असे चार पत्रे जोडून ती पेटी होते. पेटी शाबूत असेल तर दोन माणसं बसली, खड्ड्यात चाक गेलं, तरी काही होत नाही. पेटी गेली की गाडी मधोमध दबते, दाराच्या वरच्या बाजूला पुढचा-मागचा भाग एकमेकांकडे झुकतो आणि दार चिमटीत सापडतं. बिजागरी बिचारी निर्दोष असते.

‘पण खालून तर सगळं नवं दिसतं,’ बाई म्हणाल्या.

खरंच दिसत होतं. मी खिशातलं लोहचुंबक सिलच्या खालच्या कडेनं फिरवलं. दाराच्या मधल्या भागापर्यंत ते चिकटत गेलं. पुढे मडगार्डकडे गेल्यावर सुटून खाली पडलं.

कापायचं ठरलं, पण लगेच ग्राइंडर हातात घेतला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्या हाताखाली मी ट्रॉल्या जोडायला शिकलो, ते मिस्त्री कापायच्या आधी टेकूंभोवती एक फेरी मारायचे आणि मगच मशीन सुरू करू द्यायचे. रोडस्टरच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. सिल कापला की त्या बाजूचा उरलासुरला आधारही जातो. टेकू नसेल तर गाडी आणखी दबते, आणि त्या दबलेल्या अवस्थेत नवा पत्रा जोडला की वाकडेपणा कायमचा होतो. मग कितीही महागाचा पत्रा आणा, दार कधीच लागत नाही. माझ्या मते या गाडीच्या घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान याच एका घाईनं होतं. लोक दार काढून बाजूला ठेवतात, जागा मोकळी करतात आणि कापायला सुटतात. दार जागेवर राहिलंच पाहिजे. बॉडी सरळ आहे की नाही हे दाखवणारं तेवढं एकच माप आपल्याजवळ असतं.

सीटमागच्या खणात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्या तारा सोडवल्या. गालिचे आणि डांबरी नमदा बाईंनी आधीच काढला होता. पेट्रोलची नळी रिकामी करून बाजूला घेतली. अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवलं आणि पाण्याची फवारणीची बाटली बाईंच्या हातात दिली. वेल्डिंग चालू असताना आतल्या बाजूला एक माणूस डोळे उघडे ठेवून बसलेलं लागतं, कारण तळाला फासलेलं जुनं अंडरकोट पेटलं तर बाहेरून कळत नाही. मग दाराच्या पुढच्या आणि मागच्या पिलरमध्ये, म्हणजे खांबांमध्ये, दाराच्या आतल्या अंगानं चौकोनी पाइप आडवा टाकला. त्याच्या मध्ये आटे असलेला टर्नबकल, म्हणजे फिरवला की लांबी वाढते किंवा कमी होते. पुढच्या क्रॉसमेंबरखाली आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकांखाली घोड्या लावल्या, मधल्या भागाखाली जॅक.

यापुढचा तास मला फार आवडला. मी टर्नबकल पाव फेरा फिरवायचा, जॅकचा दांडा किंचित दाबायचा, आणि बाईंनी दाराच्या कडेशी बसून फीलर गेजच्या पात्या सरकवून आकडा सांगायचा. वर सव्वा सूत. खाली सव्वादोन. परत पाव फेरा. मध्येच वरची फट ठीक झाली पण दाराची पुढची कड मडगार्डला टेकली, म्हणून थोडं मागे आलो. बाई प्रत्येक वेळी तिन्ही मापं घेत होत्या. मी ‘चालेल’ म्हटलं तरी त्या ‘थांबा, मधलं राहिलंय’ म्हणत. शेवटी तिन्ही आकडे एक झाले. बाईंनी दार नुसतं सोडून दिलं. ते स्वतःच्या वजनानं फिरलं आणि खट्कन लागलं. त्यांच्या ताब्यात गाडी आल्यापासून पहिल्यांदाच.

मग कापलं.

बाहेरचा पत्रा निघाला तर आत दुसरा बाहेरचा सिल होता. कुणीतरी मूळ सिल न काढता त्यावर नवा चढवून कडेनं वेल्डिंग ओढलं होतं. तोही कापला. आत तिसरा, कारखान्यातून आला तो, गंजून चाळण झालेला. मडगार्डच्या बाजूला, जिथं चुंबक पडलं होतं, तिथं जाळी ठासून वर फायबरग्लास आणि पुट्टी थापली होती. मी स्क्रूड्रायव्हरनं ते उचकटलं, तशी आतली सगळी भुकटी गॅरेजच्या फरशीवर सांडत राहिली. उभा पडदा खालच्या अर्ध्यात उरलाच नव्हता. तळाची दात्यांची पट्टी वीतभर गायब. एवढी चकचकीत गाडी त्या वरच्या टरफलावर उभी होती.

बाई काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘मी मागच्या उन्हाळ्यात नातीला शेजारी बसवून ही चालवली. समोरून धडक बसली असती तर?’

मी खरं ते सांगितलं. दोन भाग मध्येच दुमडले असते.

मला राग आहे तो याचा. गंज लागणार; या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्डच्या आत सिलच्या टोकापाशी साचतो आणि ओल धरून बसतो. तो कुणाचा गुन्हा नाही. पण कुजलेल्या हाडावर रंग मारून ती वस्तू दुसऱ्याच्या हातात देणं हा गुन्हाच आहे. त्यातून मे २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना इथली सक्तीची वार्षिक तपासणी माफ झाली. कायद्यानं तपासणी नको, म्हणून वर्षानुवर्षं कुणी खाली वाकून बघत नाही. स्वतःहून तपासणी करून घ्यायला मात्र कुणाची आडकाठी नाही, आणि मी प्रत्येक मालकाला हात जोडून सांगतो की घ्या करून. बाईंनाही सांगितलं. काम संपल्यावर त्या गाडी तपासणीला नेणार आहेत.

पुढे काय करायचं, हा प्रश्न होता. एमजीबीला सुट्या भागांची ददात नाही. १९८०मध्ये एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनी मूळच्या साच्यांवर अख्खी नवी बॉडीसुद्धा काढते. तो मार्ग सरळ होता, पण खर्च फार आणि गाडी सगळी रिकामी करून नव्या बॉडीत भरायची. बाईंनी फरशी, पिलर, मागचे स्प्रिंगचे बसके सगळे माझ्याबरोबर टॉर्च घेऊन एकेक करून पाहिले. ते चांगले होते. म्हणाल्या, ‘मग एवढंच करू. पण मला शिकवा.’

तर शिकवलं. कारखान्यात हे पत्रे स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले असतात. घरी आपण वरच्या पत्र्याला सहा मिलिमीटरची भोकं पाडतो आणि त्या भोकांतून खालच्या पत्र्यापर्यंत सीओटू वेल्डिंग भरतो. भोकं बाईंनी पाडली, अंतर आखून, एका रेषेत. टाकाऊ पत्र्यावर त्यांनी सराव केला आणि दर वेळी जोड पकडीत धरून पिरगाळून तोडून पाहिला. पत्रा फाटून भोकाची कडी खाली चिकटून राहिली तर जोड पक्का, नुसता सुटून आला तर कच्चा. कच्चे निघायचे थांबल्यावरच त्यांनी मशीन गाडीला लावलं. आतले पत्रे मी जोडले. बाहेरच्या सिलसाठी पुढचं मडगार्ड बोल्ट सोडून उतरवलं आणि मागच्या मडगार्डची खालची कड कापली, कारण खरा सिल दोन्हींच्या आत शिरतो. दारापुरताच लावला तर तो शोभेचा. टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारत गेलो ते एक इथं, एक पार त्या टोकाला, म्हणजे उष्णतेनं पत्रा ओढला जाऊ नये.

टर्नबकल काढायच्या आधी आणि काढल्यावर फट मोजली. मग घोड्या काढून गाडी चाकांवर, मग मधोमध जॅक, मग आम्ही दोघं आत बसून. पाचही वेळा आकडा तोच आला. आतल्या पोकळीत पातळ मेण फवारलं आणि तळाची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी केली, ती मागच्या कुणीतरी पुट्टीनं बुजवून टाकली होती.

आता उजवी बाजू. तिथं चुंबक पुढच्या टोकापर्यंत चिकटतं, पण दात्यांची पट्टी खालून टोचली तर दोन ठिकाणी आत जाते. नवे पत्रे येऊन पडलेत, भोकांची आखणी बाईंनी करून ठेवलीय, आणि चौकोनी पाइप त्या बाजूला लावून झालाय. फक्त उजवं दार अजून थोडं वर घ्यावं लागेल; ते डाव्याइतकं दबलेलं नाही, तेव्हा टर्नबकल फार फिरवायचा नाही असं आमचं ठरलंय.