लाईट जाणाऱ्या गावात लॅपटॉपची बॅटरी कशी टिकवायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला लावून ठेवतात. करंट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून बॅटरी सदा फुल हवी. गोम इथेच आहे. बॅटरी वापराने झिजते हे खरं, पण भरलेली आणि गरम राहूनही ती झिजते.

बॅटरीच्या आतला लिथियम-आयन सेल १०० टक्क्यांवर ४.२ व्होल्टवर असतो, काही नव्या सेलमध्ये ४.४ च्या आसपास. या व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं द्रावण) हळूहळू बिघडतं आणि साठवायला उपयोगी पडणारं लिथियम कमी होत जातं. उष्णतेत हे सगळं झपाट्याने होतं. 'फुल झालं की चार्जिंग आपोआप बंद होतं ना?' होतं की. ओव्हरचार्जची भीती नाहीच. पण सेल त्या वरच्या व्होल्टेजवर महिनोन्महिने बसून राहतो, त्याचं काय?

उपाय म्हणजे ८० टक्क्यांची मर्यादा. लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत ती व्हँटेज ॲपमधल्या कन्झर्वेशन मोडने लागते, आसुसमध्ये मायआसुस ॲपमधून. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा सेटिंगचा मेनू) 'कस्टम' निवडून चार्जिंग ५० ला सुरू, ८० ला बंद असं ठरवता येतं. एचपीच्या ऑफिस मॉडेलांत लॅपटॉप सुरू होताना एफ१० दाबून बायोसमध्ये जा आणि बॅटरी हेल्थ मॅनेजर शोधा. तुमच्या मॉडेलात सोयच नसेल तर ८० ला हाताने प्लग काढा, २०-३० ला परत लावा. कंटाळवाणं आहे, पण आठवड्यातले चार दिवस जमलं तरी फरक पडतो.

मग लाईट गेल्यावर भागतं का? हिशेब करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून powercfg /batteryreport असं टाईप केलं की एक फाईल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता भरते तेवढी) असे दोन आकडे बघा. समजा ते ५० आणि ४० वॅट-तास (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) आहेत, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता ८० टक्के उरली. त्या ४० चे ८० टक्के म्हणजे ३२ वॅट-तास. लिहिणं-वाचणं, ब्राउझर अशा कामाला १० वॅट धरले तर तीन तास निघतात. पेपरात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंदची सूचना आली, तर आदल्या रात्री मर्यादा काढून १०० करा. एका दिवसाने काही बिघडत नाही.

करंट गेल्यावर लॅपटॉप लगेच इन्व्हर्टरला जोडू नका. चार्ज होताना तो ४५-६५ वॅट ओढतो, म्हणजे जवळपास एका साध्या पंख्याइतकं. एका बॅटरीतून दुसरी भरताना वीज वाया जाते ती वेगळीच. आधी लॅपटॉपची बॅटरी २०-३० टक्क्यांपर्यंत वापरा, इन्व्हर्टर पंख्याला राहू द्या. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग सरळ काढून ठेवा. बटण बंद केलं तेवढ्यावर विसंबू नका.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून चार्जिंग म्हणजे दुहेरी मार. खालची हवा कोंडते, पंखा ओरडतो, बॅटरी तापते. लाकडी फळी किंवा टेबल पुरे. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप सोडू नये, आणि फुल चार्ज करून तर नाहीच.

सतत ८० वर ठेवल्याने टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. २५ दाखवत असतानाच मशीन बंद पडू शकतं. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा १०० पर्यंत भरून १० पर्यंत उतरवा. सुट्टीत लॅपटॉप कपाटात जाणार असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून शटडाऊन करा, नुसतं झाकण लावून नव्हे. रिकामा ठेवला तर सेलचं व्होल्टेज इतकं घसरतं की आतलं सर्किट चार्जिंगच नाकारतं.

टचपॅड वर आला, झाकण नीट बसेना, तळाचा भाग फुगला, तर आतली बॅटरी फुगली असावी; वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. चार्जर काढा, मशीन बंद करा. दाबून बसवू नका, टोचू नका. नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-तास तिन्ही जुळवा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.