हजार-बाराशेत बुद्धिबळाचा चांगला संच: पैसे मोहऱ्यांवर घाला, पटावर नको

खेळण्यांच्या दुकानात बुद्धिबळाचा 'चांगला' संच मागितला की बहुतेकदा पुढ्यात येतो तो लाकडी घडीचा डबा. उघडला की पट, मिटला की पेटी, आत कप्प्यांत बसवलेले इवलेसे मोहरे. दिसतो छान, किंमत आठशे-हजार, आणि रोजच्या खेळाला जवळपास निरुपयोगी. त्याच पैशांत स्पर्धेत चालेल असा संच मिळतो, फक्त तो दिसायला साधा असतो: प्लास्टिकचे मोहरे आणि गुंडाळी करता येणारा पट. लाकूड की प्लास्टिक, हा प्रश्न साधारण अडीच हजारांच्या पुढे विचारात घ्यावा. त्याखाली प्लास्टिकच, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गावोगावच्या खुल्या स्पर्धा याच संचांवर खेळल्या जातात.

आधी राजा मोजा. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या शिफारशीत राजाची उंची ९५ मिमी आहे, वजीर ८५, उंट ७०, घोडा ६०, हत्ती ५५ आणि प्यादे ५०. यात दहा टक्के इकडेतिकडे चालते. बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा, म्हणजे ९५ मिमीच्या राजाला किमान ३८ मिमीचे बूड हवे. स्वस्त संचांत राजा उंच दाखवायचा म्हणून मान लांबवतात आणि बूड ३०-३२ मिमीवरच ठेवतात. असा राजा बाहीचा धक्का लागला तरी आडवा होतो, आणि जाताजाता शेजारच्या वजिरालाही घेऊन जातो.

मग घर मोजा. फिडेनुसार घराची बाजू ५ ते ६ सेंमी. ९५ मिमीच्या राजाला सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिमीचे घर सगळ्यात सोयीचे. त्यावर ४३ मिमी बुडाचा राजा घराच्या रुंदीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग व्यापतो आणि बोटांना भोवती जागा उरते. फूटपट्टी जवळ नसेल तर एक सोपी तपासणी आहे: चार प्यादी एका घरात चौकोनात ठेवून पाहा. चारही जेमतेम बसली तर मेळ बरोबर. प्याद्याचे बूड २८ मिमी असेल तर दोन प्याद्यांचे ५६ होतात, ५७ च्या घरात नेमके. चारही ठेवून बरीच जागा उरली तर मोहरे पटावर हरवल्यासारखे दिसतील, बसलीच नाहीत तर मधल्या डावात घोडा उचलताना दोन प्यादी पडतील.

ऑनलाइन खरेदीत इथेच फसगत होते. '२० इंची पट' म्हणजे कडेच्या अक्षर-आकड्यांच्या पट्टीसकट २० इंच. खेळायची जागा १८ इंच, भागिले आठ, घर सव्वादोन इंच. हे ठीक. पण '१७ इंची' पट घेतला तर घर २ इंच किंवा त्याहून लहान निघते आणि त्यावर ९५ मिमीचा राजा दाटी करतो. त्या पटाला ७५ ते ८५ मिमीचा राजा शोभतो. वर्णनात फक्त पटाचा आकार दिलेला असेल आणि राजाची उंची नसेल, तर विक्रेत्याला विचारून घ्या. उत्तर आलेच नाही तर तो संच सोडा.

मोहऱ्यांच्या घाटाच्या, म्हणजे घडणीच्या, बाबतीत हौस करू नका. आज स्पर्धांत चालतो तो स्टाँटन घाट. १८४९ मध्ये नॅथॅनिएल कुक यांच्या नावाने त्याची नोंद झाली, लंडनच्या जॅक्स कंपनीने तो बाजारात आणला आणि त्या काळचे अव्वल खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचे नाव त्याला मिळाले. तो टिकला, कारण प्रत्येक मोहरा लांबून, अर्धवट नजरेतही ओळखू येतो. संगमरवरी, पितळी, शिवाजी महाराज विरुद्ध मुघल अशा थाटाचे संच शोकेससाठी उत्तम आहेत, त्यांवर डाव मात्र मांडू नका. प्लास्टिक स्टाँटन घेतानाही दोन जोड्या शेजारी ठेवून बघाव्यात. उंट आणि प्यादे: उंटाच्या डोक्यावरची तिरपी खाच नीट कोरलेली हवी, नुसती रेघ नको. राजा आणि वजीर: उंचीत निदान सेंटिमीटरभर फरक हवा. शिकाऊ मुलांच्या बऱ्याच 'चुका' या दोन जोड्यांतल्या गोंधळातून येतात, आणि बिचाऱ्यांना वाटते आपले लक्ष नाही.

वजन

मोहऱ्यांच्या किमतीतला खरा फरक वजनाचा असतो. 'डबल वेटेड', 'ट्रिपल वेटेड' हे शब्द डब्यावर सर्रास असतात, पण त्यांची कुठलीही ठरलेली व्याख्या नाही. ग्रॅम विचारा. ३४ मोहऱ्यांचे (दोन जादा वजिरांसह) एकूण वजन ३००-४०० ग्रॅम असेल तर आत काही भरलेले नाही असे समजा. ६५० ते ९०० ग्रॅम हा घरासाठी आणि क्लाससाठी उत्तम टप्पा. सव्वा किलोच्या पुढचे संच हातात भारी वाटतात हे खरे, पण शाळेच्या दप्तरासोबत रोज न्यायचे असतील तर ते ओझेच. शिवाय जड मोहरे पिशवीत एकमेकांवर आपटून राजाचा क्रॉस आणि घोड्याचे कान लवकर तुटतात.

हातात घेऊन तपासायचे तर राजा साधारण ३० अंशांपर्यंत कलवून सोडा. तळाशी वजन असलेला राजा डोलतो आणि परत उभा राहतो. मग कानाशी धरून हलवा. आत खडखड झाली तर वजनाचा तुकडा सुटला आहे आणि तो पुढे तळाचे फेल्ट (चिकटवलेले जाड मऊ कापड) फाडून बाहेर येणार. शेवटी काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून टिचकी मारा. लटपटला तर फेल्ट वाकडे चिकटवलेले आहे.

घरी आधीच पोकळ प्लास्टिकचा, पण योग्य आकाराचा संच असेल तर नवीन घेण्याआधी त्यात वजन भरून पाहा. दोनशे-अडीचशे रुपयांत काम होते. तळाचे फेल्ट किंवा कागदी चकती पातळ पात्याने सोलून काढा. आत पोकळी दिसेल. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी नट आणा: आठ नंबरचा सुमारे ५ ग्रॅमचा असतो, दहाचा ११-१२ ग्रॅमचा, बाराचा १७ ग्रॅमचा. प्याद्याला दहा नंबरचा एक, तो मावला नाही तर आठचे दोन एकावर एक. घोडा, उंट, हत्ती यांना बाराचा एक. राजा-वजिराला बाराचे दोन. आणण्याआधी पोकळीचा व्यास मोजा, कारण बाराच्या नटाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २१-२२ मिमी जागा लागते.

आता महत्त्वाचे: वजन तळाशीच राहिले पाहिजे. पोकळी वरपर्यंत भरली की मोहरा जड होतो पण गुरुत्वमध्य वर चढतो, आणि तो पूर्वीइतकाच सहज पडतो. म्हणून आधी वरच्या भागात कागदाचा बोळा दाबून बसवा, त्यावर नट, आणि नटाभोवती एम-सील. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एका रंगाचे होईपर्यंत मळा, पण एका वेळी पाच-सहा मोहऱ्यांपुरतेच, नाहीतर उरलेले हातातच कडक होते. ओल्या बोटाने पृष्ठभाग सपाट करा आणि तो कडेपेक्षा मिलिमीटरभर आत ठेवा. रात्रभर वाळू द्या. वाळू आणि फेविकॉल हा मार्ग अनेकजण सुचवतात, तो टाळा. बंद पोकळीत फेविकॉलमधले पाणी उडून जायला वाट नसते, आठवड्यानंतरही आत चिखलच असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसही चालते, पण ते नीट सुकायला बरेच दिवस लागतात आणि ओलसर असताना लावलेले फेल्ट निघून येते. मासेमारीच्या गळाची शिशाची वजने मात्र मुलांच्या वस्तूत अजिबात नकोत. शेवटी पाठीमागे गोंद असलेल्या फेल्टच्या चकत्या बुडाच्या व्यासापेक्षा २ मिमी लहान कापून लावा. कडेला भिडवून लावलेले फेल्ट पटावर घासून उचकटते.

रंग आणि चकाकी यांवर एवढेच: पांढरे मोहरे शुभ्र नकोत, हस्तिदंती किंवा सायीच्या रंगाचे घ्या. पृष्ठभाग मंद असावा, कारण चकचकीत मोहऱ्यांवर ट्यूबलाइटची पट्टी दिसते आणि तासाभरात डोळे थकतात.

पट

इथे वाचवा. हिरवा-पांढरट किंवा तपकिरी-पांढरट विनाइलचा पट दोनशे-तीनशेत मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. काळ्या घरांचा पट घेऊ नका. काळा मोहरा काळ्या घरात विरघळतो. अक्षरे-आकडे छापलेले असावेत, आणि छपाई तपासा: खेळाडूच्या उजव्या हाताचा कोपरा पांढरा, आणि ए-१ हे घर (पांढऱ्या मोहऱ्यांच्या खेळाडूच्या डाव्या हाताचा कोपरा) गडद. स्वस्त पटांत अक्षरे उलटी छापलेली आढळतात आणि मग मुलांनी लिहिलेल्या सगळ्या चाली चुकीच्या ठरतात.

घडी घालून आलेला विनाइल पट परत करा. गुंडाळीचा बाक जातो, घडीची रेघ जात नाही. बाक काढायला पट उलटा पसरून जाड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवा. इस्त्री लावू नका, घरे ताणली जातात. पुढे गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा, म्हणजे पसरल्यावर कोपरे वर उचलत नाहीत. माऊसपॅडसारखा रबरी पाठ असलेला पट अधिक सपाट बसतो आणि टेबलावरून सरकत नाही. दोनशे रुपये जास्त देण्याजोगा आहे, पण वजनही वाढते.

आणखी स्वस्त हवा असेल तर जवळच्या फ्लेक्सच्या दुकानात छापून घ्या. २० बाय २० इंच म्हणजे पावणेतीन चौरस फूट, आणि दर चौरस फुटावर असतो. मॅट विनाइल मागा, साधे फ्लेक्स चकाकते आणि कडा वर वळवते. फाइल देताना खेळायची जागा नेमकी १८ इंच ठेवा आणि 'कागदावर बसवून' छापू नका असे बजावून सांगा. नाहीतर आडवे-उभे प्रमाण बिघडते आणि घरे चौकोनी राहत नाहीत. पट एका जागीच राहणार असेल तर तेच विनाइल सनबोर्डवर (फोमच्या ताठ फळीवर) चिकटवून घ्या.

लाकूड घ्यायचेच असेल तर

भारतात लाकडी मोहऱ्यांचे मोठे केंद्र अमृतसर. तिथून जगभर माल जातो. लाकडी संचात सगळ्यात जास्त मेहनत घोड्याची, कारण बाकीचे मोहरे लेथवर निघतात आणि घोडा हाताने कोरावा लागतो. म्हणून संच पारखताना चारही घोडे एका ओळीत उभे करा. चेहरे, माना, कान एकसारखे असतील तर बाकीच्या कामावरही विश्वास ठेवता येतो. काळे मोहरे शिसवाचे की रंगवलेले, हे विचारा. रंगवलेल्यांत वाईट काही नाही, फक्त रंग पक्का हवा: ओल्या पांढऱ्या रुमालाने बूड चोळून पाहा.

लाकूड फुटते ते बहुधा बुडाशी. आतला लोखंडी तुकडा आकसत नाही, भोवतीचे न मुरलेले लाकूड आकसते आणि उभी चीर पडते. कोकणातल्या पावसाळ्यातून संच थेट एसीच्या खोलीत किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात गेला की हे लवकर घडते. कोरड्या कापडाने पुसा आणि सहा महिन्यांनी मेणाचे पॉलिश चोपडा. खोबरेल नको, ते काही महिन्यांत चिकट होते. बजेट अडीच हजारांचे असेल तर सगळे मोहऱ्यांवर घाला आणि पट विनाइलचाच ठेवा. लाकडी मोहरे विनाइलवर शोभत नाहीत असे म्हणणारे भेटतील. त्यांना लाकडी पटाची किंमत विचारा.

चुंबकी संच प्रवासापुरता. पंचवीस-तीस मिलिमीटरच्या घरांवर दीर्घ डावाचा अभ्यास होत नाही. घेतलात तर मोहऱ्याखालचा चुंबक नखाने उचकटून पाहा, सैल असेल तर परत करा. घरात लहान मूल असेल तर हे नुसते टिकाऊपणाचे कारण नाही: गिळलेले दोन चुंबक आतड्याच्या भिंती आपल्यामध्ये चिमटून त्यांना छिद्र पाडू शकतात.

पैशांची वाटणी हजारात साधारण अशी जमते: मोहरे साडेसहाशे-सातशे, पट दोनशे-अडीचशे, उरलेल्यात नाडीच्या दोन कापडी पिशव्या, काळ्यांची वेगळी आणि पांढऱ्यांची वेगळी. घड्याळ यात धरू नका. सराव मोबाइलच्या घड्याळावर होतो. स्पर्धांच्या पत्रकात मात्र 'घड्याळ खेळाडूने आणावे' असे अनेकदा लिहिलेले असते, तेव्हा ते पुढच्या खरेदीत घ्या.

संच हातात आला की परतीची मुदत संपण्याआधी मोजून घ्या: प्रत्येक रंगाची ८ प्यादी, २ हत्ती, २ घोडे, २ उंट, १ राजा आणि २ वजीर. प्यादे शेवटच्या ओळीत पोचल्यावर उलटा हत्ती ठेवून वजीर म्हणण्याची सवय स्पर्धेत चालत नाही, तिथे तो हत्तीच धरला जातो. म्हणून जादा वजीर हवाच. क्लाससाठी पाच-सहा संच घेत असाल तर एकाच साच्याचे आणि एकाच खेपेचे घ्या, आणि त्याच साच्याचा एक संच जादा. पहिल्या सहामाहीत प्यादी हरवतात, दुसऱ्या वर्षी घोड्यांचे कान जातात, आणि तेव्हा तो साचा बाजारात असेलच असे नाही.