चौथ्या फ्लॅटचं लाइट बिल

सॅम्पलिंगची (थोडे नमुने घेऊन सगळ्यांचा अंदाज बांधण्याची) पुस्तकातली उदाहरणं एफ.वाय.ची मुलं परीक्षेपुरती पाठ करतात. म्हणून यंदा भांडुपच्या एका इमारतीची लाइट बिलंच वर्गात आणली. आमची एक विद्यार्थिनी तिथे राहते. सुट्टीत घरोघरी फिरून तिने नावं वगळून आकडे जमवले. २० मजले, मजल्यावर चार घरं, एकूण ८०. खरी सरासरी १८०० रुपये, ती फक्त मला ठाऊक.

चार गट पाडले. प्रत्येक गटाने आपल्या पद्धतीने २० घरं निवडून त्यांच्या बिलांवरून ८० घरांची सरासरी सांगायची. सिम्पल रँडमवाल्यांनी, म्हणजे कुठलंही घर सारख्याच शक्यतेने उचलणाऱ्यांनी, टिपेटचा १९२७ चा यादृच्छिक अंकांचा तक्ता वापरला (त्यातले ४१,६०० अंक जनगणनेच्या अहवालांतून उचललेले, हे ऐकून मागचा बाकही जागा होतो). त्यांचं उत्तर १९५० आलं. घर वन बीएचके की टू, हे फक्त स्ट्रॅटिफाइडवाल्यांना (सारख्या घरांचे थर पाडून प्रत्येक थरातून घरं घेणाऱ्यांना) सांगितलं होतं. ते १८०० ला जवळजवळ चिकटले. मग सिस्टिमॅटिकवाला (यादीतून ठरावीक अंतराने घरं घेणाऱ्या गटातला) उठला. "मॅडम, ३६००."

वर्गात हशा. बेरीज तपासली, बरोबर होती. त्यांनी चिठ्ठी टाकून सुरुवात काढली, ४ आली, आणि दर चौथं घर घेतलं: १०४, २०४, ३०४... थेट २००४. इमारतीत ०४ नंबरचं प्रत्येक घर कोपऱ्यातलं टू बीएचके, बाकीची तिन्ही वन बीएचके.

"पण स्टार्ट तर रँडमच होता ना!" पोरगा हिरमुसला. त्याचं म्हणणं खरंच होतं. चारही सुरुवातींच्या सरासऱ्या फळ्यावर मांडायला लावल्या: ११५०, १२००, १२५०, ३६००. त्यांची सरासरी? नेमकी १८००. म्हणजे पद्धत अनबायस्ड (सगळ्या शक्य नमुन्यांची सरासरी खऱ्या आकड्यावरच येते), पण हाती येणारा एकही नमुना खऱ्या आकड्याच्या आसपास फिरकत नाही. अनबायस्ड असणं वेगळं आणि व्हेरियन्स, म्हणजे उत्तरांची पांगापांग, कमी असणं वेगळं, हे मी एरवी दोन तास घसा कोरडा करून सांगते.

गाइडमध्ये ढोबळ म्हणून हिणवलेल्या क्लस्टरवाल्यांचं (घरांचे अख्खे गठ्ठेच उचलणाऱ्यांचं) उत्तर १८२०. त्यांनी पाच अख्खे मजले उचलले होते, आणि इथे प्रत्येक मजल्यावर तीन लहान घरं, एक मोठं. टू बीएचकेची वेगळी विंग असती आणि विंगच क्लस्टर धरली असती, तर तेही बुडाले असते. स्ट्रॅटममध्ये (थरात) सारखी घरं हवीत, क्लस्टरमध्ये सरमिसळ. मुलं पेपरात हमखास उलटं लिहितात.

तास संपला तरी तो पोरगा यादीवर पेन्सिल फिरवत होता. "मॅडम, दर पाचवं घेतलं तर?" १०१, २०२, ३०३, ४०४, मग ६०१. सोळा घरं, त्यांत टू बीएचके बरोब्बर चार.