तुम्ही विचारलंत म्हणून: नाटो आणि वॉर्सा करार

शीतयुद्धकाळातील युरोपविषयी मी काहीही लिहिले की एक प्रश्न हमखास येतो: 'तुम्ही अलिप्ततेचे पुरस्कर्ते, मग दोन्ही लष्करी गटांना सारखाच दोष का देत नाही?' त्रोटक उत्तरांनी कोणाचे समाधान झालेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या नेतृत्वाखालील नाटो ही लष्करी संघटना १९४९ मध्ये आधी स्थापन झाली आणि पश्चिम जर्मनी तीत सामील होताच, मे १९५५ मध्ये, सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखाली पूर्व युरोपीय देशांचा वॉर्सा करार झाला, हा क्रम मला मान्य आहे. सालाझारचा हुकूमशाही पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता, हेही मी लपवत नाही. माझी कसोटी वेगळी आहे: सदस्याला बाहेर पडता येत होते का?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नाज यांनी वॉर्सा करार सोडल्याचे आणि देश तटस्थ राहणार असल्याचे जाहीर केले. शेजारच्या ऑस्ट्रियाला आदल्याच वर्षी जे मिळाले होते, त्याहून अधिक ते काही मागत नव्हते. सोव्हिएत फौजा माघारी नेण्याची बोलणी चालू असतानाच ३ नोव्हेंबरच्या रात्री संरक्षणमंत्री पाल मालेतेर यांना अटक झाली आणि पहाटे रणगाडे बुडापेस्टवर चालून आले. नाज यांनी युगोस्लाव्ह दूतावासात आश्रय घेतला. सुरक्षिततेची हमी मिळाल्यामुळे ते तेथून बाहेर पडले, तेव्हा त्यांना पकडून रुमानियात नेण्यात आले आणि जून १९५८ मध्ये मालेतेर यांच्यासह फासावर चढवण्यात आले. सुमारे दोन लाख माणसांनी देश सोडला.

याउलट १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेतून बाहेर काढले, तेव्हा नाटोचे मुख्यालय निमूटपणे पॅरिसहून ब्रुसेल्सला हलले. फ्रान्सजवळ अणुबॉम्ब होता, एखाद्या दुबळ्या देशाला हे जमले असते का, असे पूर्वी मीच विचारत असे. त्याचे पक्के उत्तर मला आजही देता येत नाही. हंगेरीच्या मदतीला नाटोही धावली नाही, आणि ब्रिटन व फ्रान्स तर त्याच आठवड्यात सुएझमध्ये गुंतले होते.

पण मला सर्वाधिक सलते ते भारताचे मत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ४ नोव्हेंबरला आपण तटस्थ राहिलो आणि ९ तारखेला हंगेरीत मुक्त निवडणुका मागणाऱ्या ठरावाविरुद्ध मत दिले. काश्मीर प्रश्नावर सोव्हिएत नकाराधिकाराची आपल्याला गरज होती, हे मी जाणतो. तरीही नाज जे मागत होते ती अलिप्तताच होती, आणि हे जयप्रकाश नारायण यांना तेव्हाच दिसले होते.