जेरुसलेमची माती चाळायला जाताय? आधी पत्ता नीट वाचा

सरळ सांगतो: एमेक त्सुरिमला जाऊ नका. टेंपल माउंट, म्हणजे ज्यूंचं प्राचीन मंदिर जिथे होतं ती मंदिर टेकडी. तिथून उपसलेली माती जुन्या वस्तूंसाठी चाळायचं काम पैसे भरून पर्यटकांनाही करता येतं. 2004 ते 2017 पर्यंत ते त्या दरीत चाललं, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांत तेच नाव सापडतं. 2019पासून काम वर, स्कोपस टेकडीच्या धारेवर, मित्स्पे हमासुओत इथे चालतं. माझ्या बुकिंगच्या मेलमध्ये हे नाव स्पष्ट होतं. मला वाटलं, एकाच जागेची दोन नावं असतील. आपल्याकडे असतातच की!

मी उतरलो होतो इस्रायलमधल्याच रामला गावात, एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, मावशींकडे. मूळच्या अलिबागकडच्या, घरात अजून मराठीच. निघताना त्यांनी बजावलं, "टॅक्सीत बसण्याआधी 'मोने' म्हणायचं. मोने म्हणजे मीटर. नाहीतर सोलतील तुला." जेरुसलेमच्या बसस्थानकाबाहेर पहिल्याच टॅक्सीवाल्याने 180 शेकेल (हे तिथलं चलन) सांगितले. मी घासाघीस करून 150वर आणले आणि स्वतःवर खूश झालो. 'मोने' हा शब्द तोंडातून निघालाच नाही. नंतर माझ्याच टेबलावरची एक बाई म्हणाली, ती तिथूनच मीटरने आली, 65 पडले. पुढचे दोन तास दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं हातात होती आणि डोक्यात ते 85 शेकेल.

टॅक्सीवाल्याला मी जुनंच नाव सांगितलं होतं, त्याने दरीत सोडलं. तिथे ऑलिव्हची झाडं, चुनखडीचे दगड आणि एक मांजर. फोन केला तेव्हा कळलं, "वर या." सह्याद्रीत गड चढणाऱ्याला एरवी ती चढण काहीच नाही. पण 2023चा मे महिना, शराव म्हणतात तो वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटलेला, सावली नावालाही नाही आणि वेळ निघून चाललेली. अर्धा तास लागला. पोचलो तेव्हा सुरुवातीचं माहिती-व्याख्यान संपत आलं होतं. हा तुकडा टाळा, बाकी सगळं सोपं आहे. स्कोपसवर हिब्रू विद्यापीठ आहे, त्यामुळे तिकडे बस भरपूर जातात. बसभाड्याचं रव-काव कार्ड काढून ठेवा आणि विद्यापीठाकडून चालत जा.

व्याख्यान हुकलं तरी थोडक्यात गोष्ट अशी. 1999 मध्ये टेंपल माउंटच्या, म्हणजे मुसलमानांच्या हरम अल-शरीफच्या, आग्नेय कोपऱ्यात भूमिगत मशिदीला नवा दरवाजा काढण्यासाठी वक्फने, म्हणजे टेकडीचा कारभार बघणाऱ्या मुस्लिम संस्थेने, बुलडोझर लावले. पुरातत्त्वज्ञांची देखरेख नव्हती. सुमारे 400 ट्रक, 9,000 टन माती किद्रोनच्या दरीत नेऊन ओतली गेली. गॅब्रिएल बरकाय आणि झाखी द्विरा या पुरातत्त्वज्ञांनी ती उचलून आणून चाळायला घेतली. आजवर दोन लाखांहून जास्त लोकांचे हात तिला लागलेत. जागा पूर्व जेरुसलेममधली, टेकडी जगातली सर्वांत नाजूक, त्यामुळे पॅलेस्टिनी बाजूचा या उपक्रमावर राजकारणाचा आरोप आहे. जाण्याआधी दोन्हीकडचं वाचून जा. टेबलावर हा विषय काढला तर चाळणीवरचं लक्ष उडतं, एवढं अनुभवाने सांगतो.

काम असं: आधीच पाण्यात भिजवलेल्या मातीची बादली मिळते. ती जाळीवर ओतायची, नळीने धुवायची आणि निवडायचं. कोरड्या मातीत सगळं एकाच धुळीच्या रंगाचं दिसतं. पाणी पडलं की खापर लालसर होतं, काच चमकते, हाड पिवळट दिसतं. खापर, काच, हाड, धातू, मोझेइकचे चौकोनी खडे आणि कोरीव दगड असे ढीग वेगळे करायचे. उरलेलं टाकून देण्याआधी तिथला माणूस जाळी तपासतो. त्याने माझ्या जाळीतून तीन वस्तू काढल्या. मी घरी तांदूळ निवडतो, तरी!

सोन्याची नाणी डोक्यातून काढा. 2008 मध्ये एका 14 वर्षांच्या मुलाला ज्यूंच्या रोमविरुद्धच्या बंडाच्या पहिल्या वर्षातलं, म्हणजे इ.स. 66-67चं, अर्धा शेकेल चांदीचं नाणं मिळालं होतं. प्रत्येकाला तसं वाटतं. मला मिळाला नखाएवढा पांढरा मोझेइकचा खडा. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की असे ढिगाने मिळतात. मला मात्र नाचावंसं वाटलं. माती उपसून ओतल्यावर थर राहिलेले नाहीत, त्यामुळे वस्तूचं वय आकारावरून आणि घडणीवरूनच ठरवावं लागतं. तरी या कचऱ्यातूनच रंगीत दगडी फरशांचे तुकडे मिळाले आणि गणित शिकलेल्या फ्रँकी स्नायडर यांनी त्यांच्या मापांवरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या हेरोद राजाच्या काळातल्या फरसबंदीच्या नक्ष्या जुळवून 2016 मध्ये मांडल्या. हे ऐकल्यावर चौकोनी किंवा त्रिकोणी कडा दिसली की मी दोनदा बघू लागलो. तुम्हीही तेच करा. काहीही खिशात टाकता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

बूट बंद घाला, बदलायला शर्ट न्या. नळीचं पाणी शेजाऱ्याच्या जाळीवरून तुमच्यावर येतं. चष्मेवाल्यांनी दर पाच मिनिटांनी पुसायची तयारी ठेवावी. कंबर दुसऱ्या बादलीलाच बोलते. पैसे भरून मजुरी करायची का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हो. टॅक्सीचे नाही, चाळणीचे पैसे वसूल झाले.

आणखी एक. शुक्रवारी दुपारनंतर काही ठरवू नका. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला की ज्यू भागातल्या बस आणि ट्राम बंद. दमास्कस दरवाजाजवळच्या अरबी बस शनिवारीही चालतात, पण काम बंद असतं. कोकणात बेने इस्राएली तेल्यांना शनिवार तेली का म्हणत, ते रामल्यात शुक्रवारी संध्याकाळी घाणेरड्या बुटांनी दारात उभं राहिल्यावर नीट कळतं. बूट बाहेर ठेवायला लावून मावशींनी मातीचं काही विचारलंच नाही. "मोने म्हणालास ना?" एवढंच.

मी साठ शेकेल सांगितले.