आमची वाटचाल : मांडवाच्या अ‍ॅम्प्लिफायरपासून गिटारच्या वॉल्व्ह अ‍ॅम्पपर्यंत

इंदूरच्या रामबागेतलं आमचं दुकान वॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्या) असलेल्या रेडिओच्या काळातलं. ट्रान्झिस्टर आले, वॉल्व्ह माळ्यावर गेले आणि मांडवाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर दुकान चालू राहिलं. पुढे गिटार वाजवणारी पोरं आपापले अ‍ॅम्प घेऊन यायला लागली. आता तेच काम जास्त.

येणारा अ‍ॅम्प बहुधा आधी कुठेतरी दुरुस्त झालेला असतो. ईएल ३४ (स्पीकरला ताकद देणारे आउटपुट वॉल्व्ह) नवे घातले, लाल होऊन गेले. स्क्रीनचा (वॉल्व्हमधल्या एका जाळीचा) रेझिस्टर बदलला, परत जळला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! म्हणून तोच भाग दुसऱ्यांदा गेला की आम्ही आधी मीटर उचलतो, सोल्डरचा डाग मागाहून.

सुरुवात वीज उतरवण्यापासून. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरवर ४५० व्होल्ट राहू शकतात. २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपनं लावून मीटर २० व्होल्टच्या खाली येईपर्यंत आत हात घालायचा नाही. मग सगळे वॉल्व्ह काढून ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सीरीजमध्ये जोडायचा (एलईडी इथे कामाचा नाही). बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर ट्रान्सफॉर्मर, डायोड नाहीतर फिल्टर कपॅसिटर शॉर्ट आहे.

खरा गुन्हेगार बऱ्याचदा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल ईएल ३४ ला पोचवणारा) निघतो. साध्या मीटरवर तो अगदी चांगला दिसतो, कारण त्याची गळती उच्च व्होल्टेजलाच होते. वॉल्व्ह काढलेलेच ठेवून ईएल ३४ च्या दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनवरचं (ग्रिडवरचं) ऋण व्होल्टेज, म्हणजे वॉल्व्हचा प्रवाह आवरणारा बायस, ताडून पाहायचं. २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरमधून १० मायक्रोअँपिअर गळती गेली तरी बायस २.२ व्होल्टनं ढासळतो. ज्या बाजूला ऋण व्होल्टेज कमी, तिकडचा कपॅसिटर काढा आणि ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घाला. त्याच वेळी बायसच्या फिल्टर कपॅसिटरची दिशाही बघून घ्या. त्याचं धन टोक जमिनीला असतं, पण नेहमीच्या सवयीनं हात उलटाच बसवतो.

दोन्ही पिन सारख्या आल्या तर लाइन, म्हणजे भिंतीतल्या विजेचं व्होल्टेज, मोजतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप २२० चा आणि लाइन २४५ असेल तर ६.३ चा फिलामेंट (वॉल्व्ह तापवणारी तार) ७.० व्होल्टवर जातो, म्हणजे १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. आणि ४५० चा एचटी (वॉल्व्हचा उच्च व्होल्टेज पुरवठा) ५०० च्या वर. मग ५०० व्होल्टचे कपॅसिटर टिकायचे कसे? २४० चा टॅप असेल तर तो वापरावा, नसेल तर १२ व्होल्ट ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर विरोधी फेजमध्ये जोडून १२ व्होल्ट कापावेत. गणपतीच्या मांडवात जनरेटरवर अ‍ॅम्प लावणाऱ्यांनी आधी मीटर लावून पाहावं, एवढं आम्ही प्रत्येकाला बजावतो.

स्पीकरची वायर सैल असताना जोरात वाजवलं की आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज उसळतं आणि सॉकेटच्या तिसऱ्या पिनवरून दुसऱ्यावर ठिणगी उडते. तिथे एकदा काळी रेघ उमटली की स्पिरिटनं पुसून उपयोग नाही, कार्बन आतपर्यंत गेलेला असतो. असं सॉकेट काढून सिरॅमिकचं लावावं लागतं. सोबत स्पीकरचा जॅकही बदलतो, नाहीतर पुन्हा तेच.

शेवटी बायस. प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावला की मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर. ईएल ३४ ची मर्यादा २५ वॉट, तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॉट, ४५० व्होल्टला ते ३९ मिलिअँपिअर होतात. आम्ही ३५ वर थांबतो. आवाजात फरक फारसा नाही, वॉल्व्हला मात्र आराम. स्क्रीनला १ किलोओहम, ५ वॉटचा वायरवाउंड, बोर्डापासून थोडा उचलून.

पावतीवर आता लाइन, एचटी, फिलामेंट आणि दोन्ही कॅथोडचे आकडे लिहून देतो. नुसते वॉल्व्ह बदलायला आलेल्यांनाही बायस मोजल्याशिवाय अ‍ॅम्प परत देत नाही, आणि त्या मोजणीचे वेगळे पैसे लावत नाही.