सातेरीच्या पेट्या, खानापूर (जि. बेळगाव): पावसाळ्यानंतरची नोंद आणि धनगरवाड्यावरच्या मामांची शिकवण

दिवाळी झाली, सोनकी संपत आलीय, कारळ्याची शेतं पिवळीधमक आहेत, म्हणजे सातेरीच्या, आपल्या इथल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पेट्या उघडून निवांत बघायला आता हरकत नाही. यंदा जांबोटीकडच्या पावसातनं बहुतेक वसाहती निघाल्या. एका पेटीतल्या माश्या श्रावणात पेटी सोडून उठून गेल्या, एक अजून कमजोर आहे, राणी आहे पण अंडी तुटक तुटक, बाकीच्यांत पिलावा (अंडी, अळ्या, कोश) भरपूर आणि वरच्या पट्टीला नवा मध चकाकतोय. साखरपाणी पाऊस संपेपर्यंत दिलं, निम्मी साखर निम्मं पाणी, ते आता बंद केलंय कारण बाहेर माशीला खाऊ आहे.

पण यावेळी पेट्यांपेक्षा मला मामांबद्दल जास्त लिहायचंय. आमच्या काजूच्या बागेच्या वर डोंगराला गवळी धनगरांचा वाडा आहे, चारपाच घरं, म्हशी, थोडी नाचणी. तिथले मामा आता सत्तरीच्या पुढं असतील, आयुष्यभर म्हशींच्या मागनं रान फिरलेले, आणि या वर्षी उन्हाळ्यापासनं त्यांच्याबरोबर जमेल तसं फिरालोय. पेटीतली माशी मी पुस्तकातनं आणि ट्रेनिंगमधनं शिकलो, पोळं बांधायच्या चौकटी, राणीला अडवायचं राणीगेट, मध काढायचं मधयंत्र वगैरे. रानातली माशी काय खाते, कुठं राहते, कधी कंटाळते हे मात्र मामांकडनंच कळायलंय, आणि सातेरी पाळायची तर हेच आधी कळायला पाहिजे असं माझं आता पक्कं मत झालंय.

उन्हाळ्यात पोळं शोधायची त्यांची रीत आधी सांगतो. एप्रिलमध्ये ओढे आटतात, कुठंतरी दगडाखाली ओल राहते, तिथं माशी पाण्याला येते. मामा सकाळी ऊन तिरकं असताना ओलीच्या पलीकडं अशा जागी बसतात की माशी उठली की तिच्या पंखावर ऊन पडावं. पाणी पिऊन माशी उठते, एकदोन गिरक्या घेते आणि मग सरळ रेघ धरते, ती रेघ बघायची. मी काडीनं एका माशीच्या पाठीवर चुन्याचा बारीक ठिपका दिला आणि ती परत यायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर बघितलं, लवकर आली तर पोळं जवळ. मामांना ठिपका लागत नाही, ते नुसते थोडं बाजूला सरकून दुसऱ्या ओलीवर बसतात, तिथनंही रेघ धरतात आणि दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिकडं चालायला लागतात. वाटेत झुडपांच्या पानांवर पिवळे ठिपके दिसले की वर बघायचं. ती माशीची विष्ठा असते, आग्याच्या मोहोळाखाली तर पानं नुसती शिंपडल्यागत दिसतात.

त्या दिवशी रेघ किंजळीच्या एका जुन्या झाडावर गेली. ढोलीच्या तोंडाची कड काळपट गुळगुळीत झालेली, मामा म्हणाले, "कड बघ, माशांच्या पायानं घासून अशी झालीय. जाळी-कोळिष्टक असतं तर घर मोकळं समजायचं." दुसरं पोळं वारुळात निघालं, सातेरीला वारूळ फार आवडतं हे वाचलं होतं, पण भुईसपाट तोंडातनं माश्या आत-बाहेर करताना बघण्यात वेगळी मजा आहे.

मामा सगळं पोळं काढत नाहीत. मधाची बाजू तेवढी कापतात, पिलाव्याच्या पट्ट्यांना हात लावत नाहीत, मग तोंड दगड-मातीनं लिंपून बोटभर वाट ठेवतात म्हणजे अस्वलाचा पंजा जात नाही. ज्या झाडावर अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे आहेत त्या झाडाला ते जातच नाहीत. अस्वल पुन्हा पुन्हा त्याच झाडाला येतं आणि म्हशी तिथनंच चरायला जातात, उगाच त्याच्या वाटेत कशाला जायचं, ते पोळं त्याचं. आणि रोहिणी लागल्या, म्हणजे मे संपत आला, की कुठल्याच पोळ्याला हात नाही. कारण साधं आहे, हिरडा-जांभळाचा बहर तोवर संपतो आणि मग पाऊस, तेरडा फुलेपर्यंत माशीला बाहेर काही नाही. तो मध तिचा पावसाळ्याचा साठा. आता माझ्याकडंही हाच नियम लागू केलाय, पेटीच्या वरच्या मधकोठीतला मध मेच्या मध्यापर्यंत काढायचा आणि खालच्या, पिलाव्याच्या कोठीतला तिच्यासाठी ठेवायचा. यंदा ज्या पेट्यांत हा साठा चांगला होता त्यांना साखरपाणी फारच थोडं लागलं.

सातेरी म्हणजे युरोपियन माशी नव्हे. तिला जागा पटली नाही, खायला नाही, मुंग्या-मेणकिड्यानं सतावलं, की ती सगळं सोडून अख्खी वसाहत घेऊन उठते. त्याच्या खुणा पुस्तकात आहेत, राणी अंडी थांबवते, साठा रिकामा होतो, पण तोवर उशीर झालेला असतो. मामा दारात बसून पाय बघतात. "माशी मोकळ्या पायानं याय लागली, पायाला पिवळं न्हाई, म्हंजे तिचं मन उडालं बघ." पराग येत नाही म्हणजे आत पिलावा वाढवायचं बंद झालंय, सरळ हिशोब. ही खूण मला पेटी न उघडता मिळते आणि पावसात पेटी उघडायलाच नको असते, त्यामुळं मला तरी हे सगळ्यात उपयोगी पडलं. पाऊस उघडला की रोज सकाळी चहा घेऊन प्रत्येक पेटीपुढं थोडा वेळ उभा राहतो आणि पाय बघतो.

आता टोप्यांचं. हे नीट बघा, कारण हे जवळनं बघितल्याशिवाय पटत नाही. सातेरीच्या नराच्या घराचं झाकण कामकरीच्या झाकणासारखं सपाट नसतं, ते टोकदार असतं आणि टोकाला बारीक भोक असतं. माश्या वरचं मेण कुरतडून नेतात आणि आतलं कोशाचं कडक झाकण उघडं पडतं, नर बाहेर आला की ते सुटून खाली पडतं. फेब्रुवारीत पेटीच्या तळफळीवर अशा तपकिरी टोप्या सापडल्या, मसुराच्या डाळीपेक्षा लहान, उजेडात धरल्या तर भोकातनं पलीकडचं दिसतं. मी त्या तळहातावर घेऊन वाड्यावर गेलो. मामींनी बघितल्या बघितल्या मामांना हाक मारली, "अवो, ह्याची माशी फुटणार!" वाड्यावर वळचणीला मडकं टांगलेलं असतं, आडवं, आतनं जुन्या मेणानं घासलेलं, सातेरी येऊन बसावी म्हणून. मडक्याखाली टोप्या पडायला लागल्या की दुसरं मडकं घासून तयार ठेवायचं ही तिथली पद्धत. आधी नर, मग राणीघरं, मग जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर. टोप्या म्हणजे पहिली सूचना. मी लगेच चौकटी तपासल्या, खालच्या कडेला राणीघरं लोंबत होती, आणि वेळेत विभागणी, म्हणजे एका वसाहतीच्या दोन, करता आली.

मामींचं हे वाक्य माझ्या वहीत सगळ्यात वर आहे. वाड्यावरच्या बायकांना माशीचं किती कळतं याची नोंद कुणी घेत नाही, मध काढायला पुरुष जातात म्हणून त्यांचंच नाव होतं, पण मडकं घासणं, दारात नजर ठेवणं, गांधीलमाशी आली की तोंडाला बांबूची चिपाटी लावून वाट अरुंद करणं हे सगळं घरातल्या बायकाच बघतात. सप्टेंबरात गांधीलमाशांचा त्रास वाढला तेव्हा माझ्या पेट्यांना चिपाट्या मामींनीच तासून दिल्या. माश्याही गप्प बसत नाहीत, दारावर सगळ्याजणी एकदम पोट हलवतात, अंगावरनं सर्रकन लाट जाते, आणि गांधील फारच जवळ आली तर तिच्याभोवती स्वतःचाच गोळा करून तिला उष्णतेनं मारतात.

धुरासाठी आता शेणीच वापरतो, म्हशीच्या शेणाच्या, पूर्ण वाळलेल्या. धूर थंड येतो, सातेरीला दोन फुंकर पुरतात.

एक गोष्ट मामा सहज बोलले आणि मी कितीतरी वेळ त्यावर विचार केला. त्यांचा थोरला मुलगा लहान असताना एका सालात रानातल्या ढोल्या एकदम मोकळ्या पडल्या, मडकी रिकामी झाली, मध बघायला मिळेना. साल काढून बघितलं तर ते १९९१-९२ च्या आसपास येतं, तेव्हाच दक्षिणेत थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग पसरला होता आणि सातेरीच्या बहुतेक वसाहती गेल्या होत्या. अळीची पाण्यानं भरलेली पिशवी होते, टोक वर काढून ती घरातच मरते. मामांना रोगाचं नाव माहीत नाही, पण "पोरं घरातच मरत होती, माश्या वढून भाईर टाकत होत्या" हे त्यांनी बघितलेलं आहे. त्यातनं रानातल्या ज्या थोड्या वसाहती तगल्या त्यांच्यापासनं पुन्हा वंश वाढला. म्हणून किंजळ, ऐन, हिरड्याची जुनी पोकळ झाडं मला आता फार मोलाची वाटतात. बागा साफ करताना पहिली कुऱ्हाड याच झाडांवर पडते, "वाळलंय, लाकडाला तरी होईल" म्हणून. आमच्या हद्दीतली दोन पोकळ झाडं तोडायची नाहीत असं घरी सांगून ठेवलंय आणि शेजाऱ्यांशीही बोलणं चालू आहे. त्यांच्याशी दुसरा विषय फवारणीचा. काजूच्या मोहरावर ढेकण्या किडा येतो तेव्हा औषध मारावं लागतं हे मान्य, पण ते संध्याकाळी, माशी घरी गेल्यावर मारायला दोघेजण तयार झालेत. काजूला माशी आली तर फायदा त्यांचाच आहे.

नवीन लोकांना एक सांगतो. भीमगड अभयारण्य २०११ ला जाहीर झालंय, १९० चौरस किलोमीटरचं, त्यात पोळ्याला हात लावता येत नाही आणि लावूही नये. आम्ही फिरतो ते मालकीच्या रानात आणि वाड्याच्या आसपास. रानातलं पोळं पेटीत भरायच्या नादाला मी लागत नाही, टोप्या बघून विभागणी करतो आणि मेण लावलेलं मडकं टांगतो, आपणहून येईल ती माशी आपली.

पुढचं काम असं आहे. कमजोर पेटीला दुसऱ्या पेटीतली पिकत आलेल्या पिलाव्याची चौकट देणार. मामा-मामींबरोबर बसून वर्षाचा फुलोरा नक्षत्रांप्रमाणं लिहून काढायचाय, काजू, अंजनी, जांभूळ, हिरडा, तेरडा, सोनकी, कारळे असा, आणि प्रत्येकाच्या पुढं माशी त्या दिवसांत काय करते ते. वही त्यांच्या नातीकडं राहील, ती दहावीला आहे आणि तिलाच जास्त उत्साह आहे, माझ्याकडं फोटो ठेवीन. काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी आमच्या बाजूला शेवटची कधी फुलली यावर वाड्यावर दोन मतं आहेत, त्यामुळं चंदगड किंवा कणकुंबीकडच्या कुणी साल लिहून ठेवलं असेल तर कळवा. आणि कुणाकडं मडक्यातली सातेरी असेल तर मडकं आतनं कशानं घासता आणि तोंड कुठल्या दिशेला ठेवता तेही सांगा, मामा पूर्वेला ठेवतात, पावसाचा मारा पश्चिमेकडनं येतो म्हणून, पण घाटाखाली काय करतात ते त्यांनाही जाणून घ्यायचंय.